घटसर्पावर उतारा शोधणारे डॉ. एमिल फॉन बेरिंग

घटसर्प हे नाव आमच्या खेड्यापाड्यांतील वडीलधाऱ्या माणसांस अपरिचित नाही. मुलास प्रथम थोडासा ताप येतो, घसा दुखतो, घास गिळवत नाही. एकदोन दिवसांत घशात करड्या रंगाचा चिवट पडदा धरतो, मान सुजते, आणि श्वास घेताना घरघर होऊ लागते. पडदा वाढून श्वासाची वाट बुजली म्हणजे मूल गुदमरून जाते. तसे न झाले तरी धोका टळत नाही. कारण ह्या रोगाचे विष रक्तातून हृदयापर्यंत पोहोचते, आणि मूल आता बरे झाले असे घरची माणसे म्हणत असतानाच, आठ-पंधरा दिवसांनी ते एकाएकी दगावते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एकट्या जर्मनीत दरसाल ५० हजारांच्या घरात बालके ह्या रोगास बळी पडत. गळ्यास छेद देऊन श्वासासाठी नळी बसविणे, ह्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसा इलाज नव्हता.

ह्या रोगावर पहिला खरा उतारा ज्यांनी शोधून काढला त्या डॉ. एमिल फॉन बेरिंग ह्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. ह्यात आमचा आणखीही एक हेतू आहे. पिसाळलेला कुत्रा चावला, साप डसला, म्हणजे दवाखान्यात जे औषध टोचतात ते शरीरात जाऊन नेमके काय करते, आणि त्यासाठी एवढी घाई का करावी लागते, हे ह्या एका मनुष्याच्या चरित्रावरून जितके चांगले समजते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून समजेल.

जन्म व शिक्षण.

एमिल बेरिंग ह्यांचा जन्म इ. स. १८५४ च्या मार्च महिन्याच्या १५ व्या तारखेस, त्या वेळच्या पश्चिम प्रशिया प्रांतातील हान्सडोर्फ ह्या खेड्यात झाला. तो मुलूख आता पोलंड देशात मोडतो. वडील शाळामास्तर होते. त्यांस दोन लग्नांची मिळून १३ मुले झाली; त्यांपैकी दुसऱ्या कुटुंबाचा एमिल हा थोरला मुलगा. एवढ्या मोठ्या घरात मास्तराच्या पगारातून महिनाअखेर काय शिल्लक राहत असेल, ह्याची कल्पना आमच्या वाचकांपैकी जे शिक्षक आहेत त्यांस न सांगता होईल. मुलगा बुद्धीने तरतरीत होता, परंतु विद्यापीठाचा खर्च बापाच्या आवाक्याबाहेरचा होता. तेव्हा एकच वाट उरली. बर्लिन शहरात लष्करासाठी डॉक्टर तयार करणारे एक सरकारी विद्यालय होते. तेथे शिक्षणाचा खर्च सरकार सोशी. त्याच्या मोबदल्यात विद्यार्थ्याने पुढे काही वर्षे पलटणीत नोकरी करावी, असा करार असे. इ. स. १८७४ मध्ये एमिल त्या विद्यालयात दाखल झाला. १८७८ साली त्यास डॉक्टर ही पदवी मिळाली व १८८० साली तो सरकारी परीक्षा उतरला.

एका कोड्याची सुरुवात.

पुढे डॉ. बेरिंग पलटणीबरोबर निरनिराळ्या गावी राहिले. त्या काळी जखमांवर आयोडोफॉर्म नावाची उग्र वासाची पिवळी पूड घालीत असत. ती घातली म्हणजे चिघळलेली जखम सुधारे, हे सर्वांस ठाऊक होते. परंतु ती जखमेतील जंतूंस मारते असे मात्र तपासाअंती दिसेना. जंतू जिवंत आणि रोगी तर बरा होत आहे, हे कसे? डॉ. बेरिंग ह्यांनी असा तर्क केला की, ही पूड जंतूंस मारीत नसली तरी जंतू जे विष सोडतात त्याचा जोर ती मोडीत असावी. हा तर्क वरून लहान दिसतो, पण त्यांच्या पुढील सर्व कार्याचे मूळ त्यात आहे. चोरास पकडता आले नाही तरी त्याच्या हातातील सुरी बोथट करता येईल काय, असा तो प्रश्न होता.

अडचण एवढीच की, विष मारणारी रासायनिक द्रव्ये रोग्यासही मारक ठरत. विषाचा नाश करील आणि रोग्याच्या केसासही धक्का लावणार नाही, असे द्रव्य कोठे सापडावे?

बर्लिन येथील प्रयोगशाळा.

इ. स. १८८९ मध्ये डॉ. बेरिंग बर्लिन येथे रॉबर्ट कॉख ह्या जगप्रसिद्ध जंतुशास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करू लागले. घटसर्पाविषयीचे ज्ञान तोपर्यंत पायरी पायरीने वाढले होते. क्लेब्स ह्यांनी १८८३ साली त्याचा जंतू सूक्ष्मदर्शकातून पाहिला होता. १८८४ साली लोफलर ह्यांनी तो काचपात्रात वाढविला. लोफलर ह्यांच्या ध्यानात एक चमत्कारिक गोष्ट आली. मेलेल्या प्राण्याच्या शरीरात जंतू टोचल्या जागीच सापडत, आणि इजा मात्र दूरवरच्या अवयवांस झालेली असे. मग १८८८ साली पॅरिस येथे रू व येर्सें ह्या दोघांनी दाखवून दिले की, जंतू गाळून काढून टाकलेले नुसते पाणी टोचले तरी जनावर मरते. म्हणजे जंतू घशात राहतो आणि त्याचे विष सर्वांगात फिरते, हे ठरले. बेरिंग ह्यांच्या जुन्या तर्कास ह्याहून चांगली पुष्टी कोणती मिळणार?

त्याच प्रयोगशाळेत शिबासाबुरो किटासाटो नावाचे एक जपानी गृहस्थ काम करीत होते. जपानातील एका डोंगरी खेड्यात जन्मलेले हे गृहस्थ परक्या देशात, परक्या भाषेत विद्या संपादन करून मोठ्या चिकाटीने संशोधन करीत होते. धनुर्वाताचा जंतू हवा लागली की वाढत नाही, म्हणून तो कोणासही शुद्ध स्वरूपात हाती लागत नव्हता. तो किटासाटो ह्यांनी १८८९ साली हवेवाचून वाढवून दाखविला. धनुर्वातही घटसर्पासारखाच विषाचा रोग आहे. जंतू पायाच्या जखमेत, आणि दातखीळ मात्र जबड्यास. तेव्हा ह्या दोघांनी मिळून काम चालविले.

शोध.

त्यांनी सशांस हा रोग सोसण्याची थोडी थोडी सवय लावली. कालांतराने ते ससे असे झाले की, इतर सशांस हटकून मारणारे विष त्यांस टोचले तरी त्यांस काही होईना. मग अशा सशाचे रक्त काढून ते गोठू दिले. रक्त गोठले म्हणजे वर जे पिवळसर पाणी सुटते त्यास रक्तजल अथवा सीरम म्हणतात. ते रक्तजल त्यांनी उंदरांस टोचले आणि मागाहून त्या उंदरांस धनुर्वाताचे जंतू दिले. उंदीर खुशाल राहिले. शेजारच्या पिंजऱ्यातील ज्या उंदरांस रक्तजल मिळाले नव्हते ते मेले. पुढे त्यांनी विष व रक्तजल काचेच्या नळीतच मिसळून ते मिश्रण उंदरांस टोचले; तरीही उंदीर जगले. ज्या सशास कधी रोगाची बाधा झाली नव्हती त्याच्या रक्तजलात हा गुण नव्हता.

ह्यावरून सिद्ध झाले की, रोगातून तगलेल्या प्राण्याच्या रक्तात त्याच रोगाच्या विषाचा उतारा तयार होतो, आणि तो उतारा एकाच्या शरीरातून काढून दुसऱ्याच्या शरीरात घालता येतो. इ. स. १८९० च्या डिसेंबर महिन्याच्या ४ थ्या तारखेस बेरिंग व किटासाटो ह्या दोघांच्या नावाने हा शोध एका जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. पुढच्याच आठवड्यात घटसर्पाविषयीचा लेख एकट्या बेरिंग ह्यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. आयोडोफॉर्मच्या पुडीपाशी पडलेल्या कोड्याचे उत्तर अशा रीतीने सापडले. रोग्यास न मारता विष मारणारे द्रव्य कोणत्याही रसायनाच्या बाटलीत नव्हते. ते रक्तातच होते.

मेंढ्या, घोडे व एर्लिक.

उंदरापासून मुलापर्यंतची वाट मात्र लांब निघाली. सशाच्या रक्तातून चार थेंब मिळणार. आजारी मुले तर हजारो. बेरिंग ह्यांनी मेंढ्या घेतल्या, तरी रक्तजलाचा जोर कधी कमी, कधी जास्त निघे. येथे त्यांस पॉल एर्लिक ह्या विद्वान मित्राचे साहाय्य लाभले. विष किती प्रमाणाने वाढवीत न्यावे म्हणजे जनावराच्या रक्तात भरपूर उतारा तयार होतो, आणि त्या उताऱ्याचे बळ कोणत्या मापाने मोजावे, ह्या दोन्ही गोष्टी एर्लिक ह्यांनी बसवून दिल्या. मापावाचून औषध म्हणजे वजनावाचून तराजू. हे माप बसले म्हणूनच एका शहरी तयार झालेले रक्तजल दुसऱ्या शहरी भरवशाने देता येऊ लागले.

मेंढ्यांच्या जागी पुढे घोडे आले. घोड्यास विषाची मात्रा हळूहळू वाढवीत देतात. त्यास त्याची सवय होते. मग त्याचे थोडे रक्त काढून घेतात व त्यास पुन्हा विश्रांती देतात. इ. स. १८९४ पासून जर्मनीत होक्स्ट येथील कारखान्यात हे औषध विक्रीसाठी तयार होऊ लागले. त्याच वर्षी पॅरिसच्या रू ह्यांनी बुडापेस्ट येथील परिषदेत आपला अनुभव मांडला. त्यांच्या इस्पितळात घटसर्पाची पूर्वी निम्म्याच्या आसपास मुले दगावत. घोड्याचे रक्तजल देऊ लागल्यापासून हे प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या आसपास आले होते. आणि ज्यांस औषध आजाराच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच मिळे, त्यांत तर मरणारे फारच थोडे निघत.

वाटेत संकटेही आली. इ. स. १९०१ मध्ये अमेरिकेतील सेंट लुई शहरी ज्या घोड्याचे रक्त काढले त्यासच धनुर्वात झालेला होता. त्याचे रक्तजल न तपासता वाटले गेले आणि १३ मुले प्राणास मुकली. तेव्हापासून अशा औषधांची प्रत्येक बाटली तपासून मगच बाहेर पाठविण्याविषयी कायदे झाले. घोड्याचे रक्तजल परके असल्यामुळे कित्येकांच्या अंगावर पित्ताप्रमाणे गांधी उठत, ताप येई, सांधे दुखत, आणि क्वचित त्याहून भयंकर प्रकारही होई. उतारा होता, परंतु तो निर्दोष नव्हता.

मानसन्मान व मनाच्या जखमा.

इ. स. १८९५ मध्ये डॉ. बेरिंग मारबुर्ग येथील विद्यापीठात अध्यापक झाले व अखेरपर्यंत तेथेच राहिले. १८९६ साली त्यांचा विवाह एल्से स्पिनोला नावाच्या तरुणीशी झाला. तिचे वडील बर्लिनच्या मोठ्या इस्पितळाचे संचालक होते. ह्या उभयतांस सहा मुलगे झाले. इ. स. १९०१ मध्ये नोबेल पारितोषिके प्रथमच देण्यात आली. त्यांपैकी वैद्यकशास्त्राचे पहिले पारितोषिक डॉ. बेरिंग ह्यांस मिळाले, आणि त्याच साली राजाकडून उमरावपद मिळून त्यांच्या नावात फॉन हा शब्द आला. १९०४ साली त्यांनी मारबुर्ग येथे स्वतःचा औषधांचा कारखाना काढला. शाळामास्तराचा मुलगा आता मोठ्या इस्टेटीचा धनी झाला होता.

परंतु चरित्र लिहिणाराने पारडे एकाच बाजूस झुकवू नये. ज्या शोधावर किटासाटो ह्यांचेही नाव होते त्याचे पारितोषिक एकट्या बेरिंग ह्यांस मिळाले. किटासाटो १८९२ सालीच मायदेशी परतले होते. तेथे त्यांनी मोठी संस्था उभारली आणि जपानी लोकांनी त्यांस कधी विसरले नाही. २०२४ साली निघालेल्या जपानच्या एक हजार येनच्या नोटेवर त्यांचेच चित्र आहे. एर्लिक ह्यांचीही अशीच गोष्ट. औषधाच्या विक्रीच्या व्यवहारात आपणांस न्याय मिळाला नाही असे त्यांस वाटले, आणि एकेकाळचे जिवलग मित्र एकमेकांस दुरावले. त्यांसही १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, परंतु तुटलेले मन जुळले नाही. गुरु कॉख ह्यांच्याशीही क्षयरोगाच्या प्रश्नावरून बेरिंग ह्यांचे बिनसले. हजारो विषांचा जोर मोडणाऱ्या ह्या पुरुषास आपल्या स्वभावातील कडवटपणावर मात्र उतारा सापडला नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

क्षयावर उपाय शोधण्यात त्यांनी अनेक वर्षे व पुष्कळ पैसा खर्च केला. वासरांसाठी त्यांनी काढलेली क्षयाची लस टिकली नाही. प्रकृती ढासळली, खिन्नतेच्या विकाराने त्यांस इ. स. १९०७ पासून सुमारे तीन वर्षे आरोग्यधामात काढावी लागली. पण त्यातून उठून १९१३ साली त्यांनी आणखी एक मोलाची गोष्ट केली. घटसर्पाचे विष व त्याचा उतारा योग्य प्रमाणात मिसळून ते मिश्रण निरोगी मुलास टोचले, तर मुलाचे शरीर स्वतःच उतारा तयार करू लागते, असे त्यांनी दाखविले. रोग झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा रोग होऊच न देणे बरे, ह्या मार्गावरील हे पाऊल होते. पुढे १९१४ चे महायुद्ध पेटले. खंदकातील माती भरलेल्या जखमांतून सैनिकांस धनुर्वात होऊ लागला, आणि धनुर्वाताच्या रक्तजलाने असंख्य प्राण वाचले. युद्ध संपलेले पाहणे मात्र बेरिंग ह्यांच्या नशिबी नव्हते. इ. स. १९१७ च्या मार्च महिन्याच्या ३१ व्या तारखेस मारबुर्ग येथे त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय ६३ वर्षांचे होते.

उतारा म्हणजे काय?

बेरिंग ह्यांस रक्तजलाचा गुण ठाऊक होता. त्यातील द्रव्य कोणते व ते कसे दिसते हे ठाऊक नव्हते. ते पुढील पिढ्यांस कळले. ह्या द्रव्यास आज प्रतिपिंड म्हणतात. त्याच्या रचनेचा उलगडा केल्याबद्दल एडेलमन व पोर्टर ह्या दोन शास्त्रज्ञांस १९७२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्रतिपिंडाचा आकार मुलांच्या गलोलीच्या बेचक्यासारखा असतो. बेचक्याची दोन टोके शत्रूस पकडतात, आणि खालची दांडी रक्तातील भक्षक पेशींस हाक मारते. प्रत्येक जातीच्या प्रतिपिंडाची टोके एकाच विशिष्ट आकारावर बसतात. म्हणून घटसर्पाचा उतारा धनुर्वातास चालत नाही.

आता विषाणूंचा विचार करू. गोवर, पिसाळणे, इन्फ्लुएंझा, कोविड हे रोग विषाणूंचे आहेत. विषाणू जंतूंहूनही फार सूक्ष्म असून त्यास स्वतःचा संसार नसतो. तो आपल्या शरीरातील पेशीत शिरतो आणि तिच्याच सामग्रीने आपली प्रजा वाढवितो. पेशीत शिरण्यासाठी त्यास तिच्या पृष्ठभागास चिकटावे लागते, व त्यासाठी त्याच्या अंगावर आकडे असतात. गोखरू धोतरास चिकटते ते काट्यांमुळे. त्याच गोखरूवर ओली माती थापली तर ते घरंगळून जाईल. प्रतिपिंड नेमके हेच करतात. काही प्रतिपिंड विषाणूच्या आकड्यांस झाकून टाकतात म्हणजे तो चिकटू शकत नाही; काही त्यास चिकटू देतात पण आत शिरण्याची त्याची युक्ती चालू देत नाहीत; काही अनेक विषाणूंची मोळी बांधून टाकतात. अशा रीतीने जे विषाणूस निष्प्रभ करतात त्यांस निष्प्रभ करणारे प्रतिपिंड म्हणतात.

विषाणूस चिकटणारा प्रत्येक प्रतिपिंड असे करू शकत नाही. काही भलत्याच ठिकाणी चिकटतात व त्याने विषाणूचे काहीच बिघडत नाही. डेंग्यूच्या तापात तर एका जातीच्या डेंग्यूचे अपुरे प्रतिपिंड दुसऱ्या जातीच्या डेंग्यूस पेशीत शिरण्यास उलट मदतच करतात. म्हणून दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू कित्येकदा अधिक भयंकर असतो. शिवाय विषाणू आपले आकडे बदलतो. कोविडवर जे प्रतिपिंडांचे औषध निघाले होते त्यांपैकी बहुतेक २०२१ च्या अखेरीस ओमिक्रॉन ही जात येताच निकामी झाले.

वेळेचे महत्त्व.

सर्वांत ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, प्रतिपिंड पेशीच्या बाहेर काम करतात. विष असो वा विषाणू असो, ते एकदा पेशीच्या आत गेले की उताऱ्याचे हात तेथे पोहोचत नाहीत. रू ह्यांच्या इस्पितळात पहिल्या दिवशी आलेली मुले वाचत व पाचव्या दिवशी आलेली दगावत, ह्याचे कारण हेच.

पिसाळलेल्या जनावराच्या दंशात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. तो विषाणू जखमेतून मज्जातंतूत शिरतो व त्या वाटेने मेंदूकडे चालू लागतो. मेंदूत पोहोचल्यावर मरण जवळजवळ निश्चित असते. लस टोचली म्हणजे शरीर स्वतःचे प्रतिपिंड करू लागते, परंतु त्यास आठवडाभर तरी लागतो. इ. स. १९५४ मध्ये इराण देशातील एका खेड्यात पिसाळलेल्या लांडग्याने एका रात्रीत पुष्कळ माणसांस फाडले. डोक्यास जखमा झालेल्यांपैकी ५ जणांस नुसती लस मिळाली; त्यांतील ३ मेले. १३ जणांस लसीबरोबर रक्तजलही मिळाले. त्यांतील एकच मेला. जगलेल्यांत सहा वर्षांचा एक मुलगा होता, ज्याच्या कवटीचे हाड लांडग्याच्या दातांनी चुरडले होते. तेव्हापासून खोल जखमेत व तिच्या भोवती तयार प्रतिपिंड टोचावेत आणि त्याच दिवशी लसही सुरू करावी, अशी रीत जगभर पडली. लस आपले सैन्य उभारीपर्यंत उसने सैन्य वेस राखते.

उसने ते उसनेच. मानवी रक्तातील असे प्रतिपिंड दर तीन आठवड्यांनी सुमारे निम्मे होतात, आणि काही महिन्यांत त्यांचा मागमूस राहत नाही. लसीने शरीरात जे उत्पन्न होतात त्यांची आठवण मात्र वर्षानुवर्षे टिकते. आई आपल्या पोटातील बाळास हेच उसने देत असते. म्हणूनच गरोदर स्त्रीस धनुर्वाताची लस टोचतात. तिचे प्रतिपिंड नाळेतून बाळाकडे जातात व त्यास नाळ कापताना होणाऱ्या धनुर्वातापासून वाचवितात. पूर्वी आमच्या गावी किती कोवळी बाळे ह्या रोगाने गेली ह्याची गणती नाही. २०१५ साली मात्र हा रोग भारतातून जवळजवळ हटल्याचे जाहीर झाले.

बेरिंग ह्यांच्या मागे.

बेरिंग ह्यांच्या रीतीवरूनच १८९० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये सर्पविषावरील रक्तजल निघाले. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चारही सापांच्या विषावर आपल्या देशात जे औषध देतात तेही घोड्याच्याच रक्ताचे. मुंबईस परळच्या हाफकिन संस्थेत ते तयार होत आले आहे. पुण्यास १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट निघाली, तिच्या पहिल्या औषधांत घोड्यांच्या रक्तापासून केलेला धनुर्वाताचा उतारा होता. तिच्या नावातील सीरम हा शब्दच त्याची साक्ष देतो. सर्पदंशात लहान मुलास व प्रौढ माणसास ह्या औषधाची मात्रा सारखीच देतात, ह्याचे कित्येकांस नवल वाटते. पण औषधास माणसाशी सामना करावयाचा नसतो, विषाशी करावयाचा असतो. आणि साप मूल पाहून विष कमी ओतीत नाही.

इ. स. १९७५ मध्ये कोलर व मिलस्टाइन ह्यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड प्रयोगशाळेत हवे तितके वाढविण्याची युक्ती काढली, तेव्हापासून घोड्यांवरील भार पुष्कळ हलका होऊ लागला. तान्ह्या मुलांच्या छातीच्या एका विषाणूवर, पिसाळण्यावर, आफ्रिकेतील इबोला तापावर अशी औषधे आता आहेत. इबोलाचे एक औषध तर १९९५ सालच्या साथीतून वाचलेल्या एका माणसाच्या रक्तातील प्रतिपिंडावरून केले आहे. रोगातून तगलेल्याने दुसऱ्यास तारावे, हा बेरिंग व किटासाटो ह्यांचाच धडा. आणि योगायोग असा की, ज्या मारबुर्गच्या कारखान्यास बेरिंग ह्यांचे नाव होते तेथील कामगारांस १९६७ साली आफ्रिकेतून आणलेल्या माकडांपासून एका नव्याच विषाणूची बाधा झाली. तीन शहरांत मिळून ३१ माणसे आजारी पडली व ७ मेली. त्या विषाणूस आज मारबुर्ग हेच नाव आहे. त्यावर खात्रीचा उतारा शोधण्याचे काम पुढच्यांस सोपवून बेरिंग गेले, असेच म्हणावयाचे.

घटसर्पाचे काय झाले? लसीमुळे तो इतका विरळा झाला की कित्येक देशांत त्याचे रक्तजल करणेच लोकांनी सोडून दिले. २०१५ साली स्पेन देशात लस न टोचलेल्या सहा वर्षांच्या एका मुलास घटसर्प झाला, तेव्हा त्याच्यासाठी रक्तजल रशियातून आणावे लागले. ते आले, पण मुलगा वाचला नाही. आमच्या देशात तर हा रोग अद्यापि अधूनमधून डोके वर काढतो, आणि बहुतेक त्याच घरांत शिरतो जेथे मुलांस वेळच्या वेळी लस मिळालेली नसते.

म्हणून मंडळ्यांतील आईबापांस आमचे सांगणे आहे की, बाळास दीड, अडीच व साडेतीन महिन्यांस जी लस देतात ती चुकवू नये, आणि पुढे दीड वर्षाच्या व पाच वर्षांच्या सुमारास तिची पुन्हा उजळणी करावी. कुत्रा चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि हळद-चुना न लावता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. साप डसल्यास मांत्रिकाच्या दारी जो तास जातो तो पुन्हा हाती येत नाही. गरीब मास्तराच्या मुलाने, एका परदेशी सोबत्याने, एका दुरावलेल्या मित्राने आणि कित्येक मुक्या जनावरांनी मिळून जो उतारा आपणांस दिला आहे, तो वेळेवर पोहोचला तरच उतारा आहे; आणि वेळेवर पोहोचविणे हे आपल्या हाती आहे.